थोरली, धाकली आणि भिवा केणी

आमच्या ठाण्यातल्या चरईत एक बातमी अजून फिरते. कर्णिक डॉक्टरांचा ड्रायव्हर भिवा केणी म्हणे रोज सकाळी कळव्याहून हातभट्टीची लावून येतो आणि सात वाजता डॉक्टरांच्या मोटारीखाली आडवा होतो. अर्धा अर्धा तास उठत नाही. दारूबंदी अख्ख्या मुंबई राज्याला लागली, फक्त त्या मोटारीखालची साडेतीन हात जमीन सुटली, असं आमच्या शेजारच्या वासंतीकाकू म्हणतात. काकू नाकातून बोलतात आणि शेवटचा शब्द गिळून टाकतात, म्हणून ऐकणाऱ्याला पुढे वाकावं लागतं. "मी काही म्हणत नाही हो कुणाला. पण पाय दिसतात. नुसते पाय. हलतसुद्धा ना..."

पाय दिसतात हे खरं. बाकी सगळं खोटं. भिवादा दारूला शिवत नाही. त्याच्या तोंडाला वास येतो तो तंबाखूचा आणि हातांना येतो तो इंजिनाच्या तेलाचा. मोटारीखाली तो झोपत नाही, तेल बघतो.

आणि ही बातमी कुणी उठवली तेही मला पक्कं ठाऊक आहे. मी उठवली.

मी सुधीर. डॉक्टरांच्या अंगणाची मागची भिंत ती आमची पुढची भिंत. त्या भिंतीवर बसून मी लहानाचा मोठा झालो, आणि पलीकडचं एकूण एक माणूस कसं बोलतं, खोकतं, हाक मारतं, ते सगळं फुकटात शिकलो. अकरावीचं बीजगणित मात्र भिंतीच्या अलीकडे होतं, ते राहिलं.

आधी मोटारीचं सांगतो. डॉक्टरांच्या वडिलांनी चोवीस साली घेतलेली फोर्ड. ठाण्यात तिला सगळे 'म्हातारी' म्हणतात. कापडी छप्पर, रबरी भोंगा, आणि सुरू करायला पुढून हँडल मारायचं. हल्लीच्या मोटारींना तेल बघायला इंजिनात एक लांब पट्टी खोचलेली असते. ती ओढायची, पुसायची, परत घालायची, आणि कुठवर भिजली ते बघायचं. उभ्या उभ्या काम होतं, शर्टाची इस्त्रीही मोडत नाही. म्हातारीला पट्टीच नाही. तिच्या इंजिनाच्या पोटाला, मागल्या अंगाला, दोन छोट्या तोट्या आहेत. एक वर, एक तिच्या दोन बोटं खाली. तेल किती आहे ते बघायचं तर जमिनीवर उताणं पडायचं, खाली सरकायचं, पकडीनं तोटी फिरवायची आणि थेंब येतो का ते बघत राहायचं.

मला हे भिवादानंच दाखवलेलं. मी आपलं शहाण्या मुलासारखं तोंड करून विचारलेलं, "भिवादा, खाली काय करतोस रे रोज?" खरं म्हणजे मला त्याचा आवाज जवळून ऐकायचा होता. तो कळव्याच्या आगरी पाड्यातला, 'गाडी' नाही म्हणत, 'गारी' म्हणतो, आणि प्रत्येक वाक्य असं टाकतो की जणू पाटी डोक्यावरून खाली ठेवली. पण त्याला वाटलं, पोराला यंत्राची आवड आहे. तो इतका खूश झाला की त्यानं मला शर्ट काढायला लावून सरळ मोटारीखाली घेतलं.

"ही वरची थोरली," तो म्हणाला. "खालची धाकली. पयली धाकली उगरायची. तिच्या डोल्यान पानी आला म्हंजे तेल हाय. मंग थोरली. तिच्या डोल्यान पानी नको. तिच्या बी आला म्हंजे तेल जास्ती जाला, आन् मागून धूर निंगेल. कलला?"

"आणि दोघींच्याही नाही आलं तर?"

"तं गारी हलवाची नाय. सायेब येवदे, नायतर सायबाचा बा येवदे."

मग त्यानं धाकली उघडली. थेंब येईना. थंडीत तेल गुळाच्या पाकासारखं होतं, सावकाश येतं. आम्ही दोघं शेजारी शेजारी उताणे पडून त्या तोटीकडे बघत होतो. भिवादा श्वास धरून. मी मनातल्या मनात 'कलला' हा शब्द घोळवत. बऱ्याच वेळानं एक काळा थेंब तोटीच्या तोंडाशी जमला, फुगला आणि त्याच्या बोटावर पडला. त्यानं तो दोन बोटांत चोळून बघितला आणि माझ्याकडे असं बघितलं जसं घरात बारसं आहे.

तर पाय न हलण्याचं कारण एवढंच. तो थेंबाची वाट बघत असतो.

गेल्या गणपतीत आमच्या आळीचा मेळा झाला. त्यात मी भिवादा केला. बाकाखाली उताणा झालो, पाय बाहेर काढले आणि आतून बोलायला सुरुवात केली. "धाकले, ये गो बाय. सायेब दाताना पावडर लावतान, तवरं येक थेंब टाक." लोक हसून कोसळले. डॉक्टर पुढच्या रांगेत होते, त्यांनी चष्मा काढून डोळे पुसले. भिवादा मागे उभा होता, तोही मांडीवर थाप मारून हसत होता. सगळं बरोबर चाललेलं. मग मी मध्ये एक उचकी टाकली.

उचकी भिवादाची नव्हती. त्याला उचकी लागलेली मी कधी ऐकलेली नाही. ती मी हशासाठी घातली, आणि हशा दुप्पट झाला, म्हणून आणखी दोन घातल्या.

दुसऱ्या दिवशी वासंतीकाकू आईला म्हणाल्या, "तुमच्या सुधीरनं अगदी हुबेहूब केला हो. म्हणजे तो घेतो वाटतं? मला ठाऊकच नव्ह..." आई म्हणाली, "अहो, नक्कल ती." काकू म्हणाल्या, "हुबेहूब म्हणजे खरंच असणार ना?" मी आत जेवत होतो. मला माझ्या नकलेचं कौतुक झालेलं ऐकू आलं, आणि तेवढंच ऐकू आलं. आमटी पुन्हा मागून घेतली.

दिवाळीपर्यंत बातमी नौपाड्यात पोचली.

पुढचं सांगायला जड जातं. मार्गशीर्षातली सकाळ होती. मी भिंतीवर. मोटारीखाली भिवादाचे पाय. डॉक्टर आत. त्यांची हाक मला त्याच आठवड्यात नीट साधलेली. आधी घशातून एक 'अहं', मग 'भिवाऽऽ' उताराला लागलेलं, आणि मग 'गाडी!' हे कात्रीनं कापल्यासारखं. मला फक्त ते पाय उडतात का ते बघायचं होतं. देवाशप्पथ, तेवढंच.

"अहं. भिवाऽऽ! गाडी!"

पाय उडाले. डोकं कशाला तरी आपटल्याचा आवाज आला. भिवादा खालून निघाला आणि पकड हातात घेऊन, पाठीला सगळी माती तशीच, व्हरांड्याकडे पळत सुटला. मी भिंतीखाली बसून तोंडात बाही कोंबली.

"सायेब, बोलावलात?"

"मी? नाही बुवा." डॉक्टरांचं पुणेरी, सरळ रेघ आखल्यासारखं. आणि तेवढ्यात फाटक वाजलं. घोडबंदरहून एक माणूस सायकल मारत आलेला. त्याची बायको अडली होती, रात्रीपासून. धापांच्या मधून शब्द बाहेर पडत होते. डॉक्टर म्हणाले, "भिवा, आलाच आहेस तर बॅग उचल. लगेच निघू."

भिवादानं बॅग ठेवली, हँडल मारलं, त्या माणसाची सायकल मागे बांधली, आणि म्हातारी फाटकातून बाहेर पडली. तो परत खाली गेला नाही. जाणार कधी? धाकली उघडीच होती.

मी भिंतीवरून उतरून अंगणात गेलो तेव्हा जमिनीवर ताटाएवढा काळा डाग होता. तिथून थेंबाथेंबांची रेघ फाटकापर्यंत.

मला कळलं नाही असं मी म्हणू शकत नाही. मला शर्ट काढून, खाली झोपवून शिकवलेलं होतं. म्हातारी कोपऱ्यावर वळताना चालत्या माणसाएवढी सावकाश होते, आणि माझे पाय लांब आहेत. ओरडलो असतो तरी चाललं असतं. आवाजाची काही कमी नव्हती. पण ओरडायचं म्हणजे काय झालं ते सांगायचं. मी तिथेच उभा राहिलो. मग पायानं माती ओढून डाग झाकला, वर बदामाची वाळकी पानं पसरली, थेंबांची रेघ फाटकापर्यंत चपलेनं पुसत नेली आणि घरी जाऊन बीजगणित काढून बसलो. आईला वाटलं ताप आलाय.

गायमुखच्या चढावर म्हातारीचं पोट वाजायला लागलं. आधी टकटक, मग ठणठण. चढावर इंजिनातलं तेल मागे जातं. मागेच धाकली, आणि तिचं तोंड उघडं. पुढचं बेअरिंग सुकं पडलं आणि जळलं. भिवादानं गाडी थांबवली, खाली शिरला, उघडी तोटी बघितली आणि बंद केली. म्हणजे सवयीनं केली. दाखवायला म्हणून उघडी ठेवावी हे त्याला सुचलं नाही. डॉक्टर लाकडं वाहणाऱ्या एका ट्रकमधून पुढे गेले. ते पोचायच्या आत पोरगी जन्मली, आई धड होती. नाहीतर मी हे लिहायला बसलोच नसतो. कुठे गेलो असतो ठाऊक नाही.

संध्याकाळी दोन बैल लावून म्हातारी घरी आणली. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ते दोघं.

"धाकली उगरी रायली, सायेब," भिवादा म्हणाला. "सकालची. माजी चुकी."

डॉक्टर म्हणाले, "भिवा, मी आता अंगणात बघितलं. तोटी उघडी असती तर इथे तेल सांडलं असतं. जमीन कोरडी आहे."

पानं चुरगळल्याचा आवाज आला, बहुधा भिवादाही बघत होता.

"तीन महिने लोक मला काय काय सांगतात. मी कानाआड केलं. म्हटलं, आपला भिवा तसला नाही. पण आता मला वाटतं, तू कित्येक दिवसांत तेल बघितलेलंच नाहीस. नुसता पडून असायचास." डॉक्टर ओरडत नव्हते. ओरडले असते तर बरं झालं असतं. "अडलेल्या बाईकडे चाललो होतो रे मी. उद्यापासून येऊ नकोस."

"बरा," भिवादा म्हणाला. एवढंच. मग फाटक वाजलं.

म्हातारी पंधरा दिवस मिस्त्रीकडे पडली. तेवढे दिवस डॉक्टर टांग्यानं फिरले. भिवादा वीस वर्षं त्यांच्याकडे होता आणि ठाण्यात मोटारी मोजक्याच. त्यानं दोन-तीन ठिकाणी विचारलं, पण उचकी त्याच्या आधी तिथे पोचली होती. एका वकिलांनी तर त्याला फाटकातच सांगितलं म्हणे, तोंडाचा वास दे आधी. शेवटी तो कळव्याच्या मिठागरावर बांधाची माती उचलायला गेला. गाडी चालवणं सोडून त्याला दुसरं काही करायचं नव्हतं, हे मला त्याच्याइतकंच माहीत होतं, आणि मी रोज भिंतीवर न बसता दाराआड बसत होतो.

मग मुंबईहून तानाजी नावाचा नवा ड्रायव्हर आला. डोक्याला कॅप, हातात रुमाल, बोलण्यात निम्मं हिंदी. पहिल्याच सकाळी त्यानं म्हातारीचं झाकण उघडलं, एका बाजूनं बघितलं, दुसऱ्या बाजूनं बघितलं, वाकून बघितलं आणि डॉक्टरांच्या दाराशी गेला.

"साब, तेल बघायची पट्टी गायब है."

"पट्टी?"

"लोखंडी पट्टी असते, साब. आधीच्या ड्रायव्हरनं काढून विकली असणार. बेवडे लोक कुछ भी बेचते हैं."

डॉक्टरांना इंजिनातलं काहीच कळत नाही. वीस वर्षं भिवादा असल्यावर कळायची गरजही नव्हती. त्यांनी सुस्कारा टाकला आणि एवढंच म्हणाले, "असं का? बरं, नवी आणू." तो सुस्कारा मी आजही काढून दाखवू शकतो, पण दाखवणार नाही. दुपारपर्यंत वासंतीकाकूंकडे पट्टी पोचली. "विकलीन हो. भंगारात. काय मिळाले असतील, आठ आ..."

जी पट्टी त्या मोटारीला कधी नव्हतीच, ती भिवादानं चोरली. रविवारी सकाळी मी घरी काही न सांगता खाडीवरच्या दगडी पुलावरून चालत कळव्याला गेलो.

भिवादा घरीच होता, दारात बसून फावड्याला दांडा बसवत होता. बायको, मालनवहिनी, अंगणात सुकट पसरत होती. मी गेलो आणि उभाच राहिलो. वाटेत सगळं घोकलेलं, ते एकदम नाहीसं झालं.

"बस की," तो म्हणाला. "पाय दुकतील."

"भिवादा, त्या दिवशी हाक..."

"तू मारलीस. मना म्हाईत हाय."

"कधीपासून?"

"सायेब बोलला ना, मी नाय बोलावला. मंग कोन बोलावील? देव? चरईन असा पोरगा येकच हाय."

"मग तू डॉक्टरांना सांगितलं का नाहीस?"

त्यानं दांडा ठोकला. बसला का ते हलवून बघितलं. "काय सांगू? कोनी तरी हाक मारली म्हून तोटी उगरी रायली? तोटीवं हात कुनाचा व्हता? माजा. हाक आयली तरी हात तोटी बंद करूनच निंगाला पायजे. मी चुकलू."

"पण दारू..."

"त्या दारूचा मना लागला," तो म्हणाला, आणि पहिल्यांदाच त्याचा आवाज जमिनीवर न ठेवता हातातून सुटल्यासारखा झाला. मालनवहिनीनं सुकट पसरायचं थांबवलं. "आन् सायबाला मी लबार वाटलू, त्याचा लागला. जमीन सुकी कशी, मना अजून कलत नाय."

ते मी त्याला तेव्हा सांगितलं नाही. तोंडाशी आलं आणि परत गेलं. मी फक्त म्हणालो, "मी डॉक्टरांना सगळं सांगतो. आत्ता. चल."

भिवादा हसला. "कोनाच्या आवाजान?"

"माझ्या!"

"तुजा आवाज कंचा? आं? मी तुना येवरासा व्हतास तवापासून आयकतंय. सायबाचा आयकला, काकूचा आयकला, माजा बी आयकला. तुजा काय मना सापरला नाय." आणि मग त्याला एकदम गंमत सुचली, वीस दिवसांत पहिल्यांदा सुचली असावी. "लाव पैज. सायबाफुरं सुरवातीपासून शेवटपावत तुज्याच आवाजान बोलाचा. दुसऱ्या कोनाचा येक सबूद काडलास तं हरलास."

"हरलो तर?"

"मिशी उतरवाची."

"आणि तू हरलास तर?"

त्यानं स्वतःच्या मिशीवरून बोट फिरवलं. ती मिशी कळव्यात नावाजलेली आहे. "मी बी."

मालनवहिनी पदर तोंडाला लावून म्हणाली, "यांची तरी हाय. त्याची कंची?"

मी ओठावरून हात फिरवला. होती. उन्हात बघितलं तर दिसायची. मी म्हणालो, "लागली."

आम्ही पूल ओलांडून परत आलो. भिवादा डॉक्टरांच्या फाटकाबाहेर थांबला. आत यायला तयार होईना. "मना बोलावल्याशिवाय मी येनार नाय," म्हणाला. मी एकटा व्हरांड्यात गेलो. डॉक्टर आरामखुर्चीत वर्तमानपत्र वाचत होते.

मी सांगितलं. माझ्या आवाजात. फार वाईट आवाज आहे, मध्येच फाटतो. मेळ्यातली उचकी सांगितली, हाक सांगितली, पट्टी म्हातारीला कधी नव्हतीच हे सांगितलं. डॉक्टर ऐकत होते आणि त्यांचा चेहरा बदलत नव्हता.

"सुधीर," ते म्हणाले, "भिवा वीस वर्षं माझ्याकडे होता. माझी हाक आणि एका पोराची हाक यांतला फरक त्याला कळणार नाही? तुला त्यानं पाठवलं का?"

"नाही, डॉक्टर. मी आपणहून..."

"त्याची दया येते ते समजतो मी. मलाही येते. पण मघापासून तुझा आवाज ऐकतोय. या आवाजाला कोण फसेल?" मग पेपर खाली ठेवून म्हणाले, "आणि समजा, तोटी उघडी राहिली. तेल कुठे गेलं? मी स्वतः बघितलं होतं. जमीन कोरडी होती."

मला वाटलेलं, हे चुकवता येईल. नाही आलं.

"मी झाकलं," मी म्हणालो. "मातीनं. वर बदामाची पानं पसरली. गाडी कोपऱ्यावर होती, मी ओरडू शकत होतो. ओरडलो नाही."

डॉक्टर उठले. माझ्याकडे न बघता पायऱ्या उतरून गाडी उभी राहते तिथे गेले आणि बुटाच्या टोकानं पानं सारली. माती उकरली. वरची माती निघाली, खालची निघाली, आणि मग काळी लागली. ते वाकून तिथेच बघत राहिले. तो वेळ मला थेंबाची वाट बघण्यापेक्षा लांब गेला.

"हे बेअरिंग जळल्यावर, गाडी इथे आणली तेव्हाही सांडलं असेल," ते शेवटी म्हणाले. त्यांना खरं तर विश्वास ठेवायचा होता, ते दिसत होतं. पण वीस दिवस ज्या माणसाला खोटारडा म्हटलं, तो खरा निघावा याचीही भीती वाटत असणार. "हाकेचं मला पटत नाही, सुधीर."

फाटकाच्या गजांतून भिवादा दिसत होता. त्यानं काही ऐकलं नव्हतं, लांब होता. फक्त डॉक्टर माती उकरतात ते बघत होता.

मग मी घसा साफ केला. डॉक्टरांसमोर उभा राहून, त्यांच्या डोळ्यांत बघत.

"अहं. मंदाऽऽ! चहाचं काय झालं?"

आतून भांडं आपटल्याचा आवाज आला आणि डॉक्टरांच्या बायकोचा, मंदाकिनीबाईंचा आवाज अंगण ओलांडून थेट रस्त्यावर गेला. "अहो, पुरे की आता! सकाळपासून तीन झाले! पित्त होतं म्हणून तुम्हीच ओरडता मग!"

डॉक्टरांचा हात छातीशी गेला. त्यांनी व्हरांड्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. मग पुन्हा व्हरांड्याकडे, जणू तिथे दुसरे डॉक्टर बसलेत.

त्यांनी मला थोबाडीत मारली नाही. मी गाल पुढे केलेला होता. ते म्हणाले, "तुला हे इतकं ऐकू येतं. त्या माणसाला काय झालं असेल ते ऐकू नाही आलं?" मग ते स्वतः फाटकाशी गेले आणि ते उघडून धरलं. ते काय बोलले ते मी ऐकलं नाही, म्हणजे ऐकू येत होतं पण मी दुसरीकडे बघितलं. भिवादाचं तेवढं कानावर आलं, "तोटी माजीच उगरी रायली, सायेब. तो खरा." आणि डॉक्टर म्हणाले, "असू दे रे. उद्या सात वाजता ये." तानाजीला आठवड्याचा पगार आणि मुंबईचं तिकीट मिळालं.

बातमी मात्र नोकरीसारखी परत आली नाही. मी वासंतीकाकूंना तीनदा सांगितलं. "हो का? बिचारा," त्या म्हणाल्या, आणि परवा पुन्हा कुणाला तरी सांगत होत्या, "सोडलीन म्हणे हल्ली." जे त्यानं कधी धरलंच नाही ते सोडल्याचं श्रेयही त्याला मिळालं. म्हणून हे सगळं लिहून काढलं. बोलून काही उपयोग झाला नाही.

त्या रविवारी मी फाटकाबाहेर आलो तर भिवादा तिथे उभा. डोळे ओले होते, पण हात मिशीवर होता.

"भिवादा, ते काही पैजेत धरायचं नाही. तुझ्यासाठी काढला तो आवाज."

"काडलास ना?"

"काढला. पण नसता काढला तर..."

"पोरा, सायबाचा चहा रस्त्यावं आयकला मी. हरलास का नाय, तवरा सांग."

"हरलो."

जांभळी नाक्यावर पोपट न्हावी बसतो. भिवादानं मला त्याच्यासमोर पोत्यावर बसवलं आणि स्वतः शेजारी उकिडवा बसला, नजर चुकू नये म्हणून. पोपटनं वस्तरा परजला, माझी हनुवटी धरून तोंड इकडे केलं, तिकडे केलं, उजेडाकडे केलं.

"उतरवायचं काय?" त्यानं विचारलं.

"मिशी," भिवादा म्हणाला. "नीट बग. हाय तितं."